वाचकांचे प्रश्न : कर्करोगानंतरची ‘साधी’ गोळी

स्तनाच्या कर्करोगावर गेल्या महिन्यात या सदरात लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतली निम्म्याहून अधिक रुग्णांची नव्हती, तर नवरा, मुलगी, सून, बहीण अशा घरच्या माणसांची होती. शस्त्रक्रिया आणि किमो चालू असताना काय करायचे हे या माणसांना ठाऊक होते : गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) रांगेला उभे राहणे, रक्ताची सोय करणे, डबा पोचवणे, मुंबईला ‘टाटा’त जायचे झाले तर कोकणकन्येचे तिकीट काढणे. हे सारे संपून रोजची एक गोळी तेवढी उरते, तेव्हा घरचे आपापल्या कामाला लागतात आणि बाई एकटी पडते. म्हणून या वेळचे सदर केवळ हॉर्मोन उपचारांसाठी ठेवले आहे. पत्रलेखकांची नावे अर्थातच दिलेली नाहीत आणि पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : माझी पत्नी ५४ वर्षांची आहे. दीड वर्षापूर्वी तिची शस्त्रक्रिया झाली, मग किमो झाली, लाईटही (किरणोपचार) देऊन झाली. आता लेट्रोझोलची एक गोळी रोज घ्यायची आहे. ती सुरू झाल्यानंतर महिना-दीड महिन्यात तिची बोटे धरू लागली. सकाळी मूठ वळत नाही, जिना उतरताना गुडघे दुखतात, आदोळीवर बसून नारळ खवणे जमत नाही. चवथीला वाड्यावरची फुगडी जिच्यावाचून सुरू होत नसे, ती यंदा सोप्यावर बसून बघत राहिली. मागच्या आठवड्यात देवघराच्या खणात मला गोळ्यांची तीन पाकिटे न फोडलेली सापडली. विचारले तर म्हणाली, ‘रोग गेला ना? मग ही दुखणी कशाला विकत घेऊ?’ तिला काय सांगावे?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : आधी पाकिटांविषयी. ती आपल्या नजरेस पडली हे बरे झाले, पण ती तिच्यासमोर पुरावा म्हणून मांडू नका. गोळी गुपचूप सोडणाऱ्या स्त्रिया निष्काळजी असतात असा माझा अनुभव नाही. त्यांनी आधी कधीतरी घरात किंवा दवाखान्यात ‘दुखते’ म्हणून सांगितलेले असते आणि ‘या वयात दुखायचेच’ हे उत्तर ऐकलेले असते. आपण वर्णन केलेले दुखणे, म्हणजे गोळी सुरू झाल्यावर थोड्याच आठवड्यांत दोन्ही हातांची बोटे आणि गुडघे धरणे, आणि त्याचा जोर सकाळी अधिक असणे, हे या जातीच्या औषधाचे अगदी ओळखीचे लक्षण आहे. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल किंवा एक्झेमेस्टेन घेणाऱ्या जवळजवळ निम्म्या स्त्रियांना ते कमीअधिक प्रमाणात होते. ‘तुझे दुखणे खरे आहे आणि ते गोळीमुळे आहे’ हे वाक्य तिला अजून कोणी ऐकवलेले दिसत नाही. ते आपण ऐकवा.

आता तिच्या प्रश्नाकडे वळू, कारण तो रास्त आहे. ‘हॉर्मोन उपचार’ हा शब्दच मुळी फसवा आहे. या उपचारात हॉर्मोन दिले जात नाही, ते तोडले जाते. गाठीच्या तपासणीच्या अहवालात ‘ईआर पॉझिटिव्ह’ असे लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ असा की त्या पेशी इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकावर पोसतात. ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी १८९६ साली अंडाशये काढून टाकल्यावर स्तनातली गाठ आक्रसते हे दाखवून दिले, तेव्हा इस्ट्रोजेन हे नावही कोणाला माहीत नव्हते. आजची गोळी तेच काम शस्त्राशिवाय करते. पाळी गेल्यावर अंडाशयांचे काम थांबते, तरी मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून निघणाऱ्या द्रव्यांपासून शरीरातली चरबी आणि स्नायू थोडे थोडे इस्ट्रोजेन बनवतच राहतात, आणि त्यासाठी लागणारे अरोमाटेज नावाचे विकर (एन्झाइम) लेट्रोझोल बंद पाडते. इस्ट्रोजेन जवळजवळ नाहीसे होते, म्हणून तर सांधे कुरकुरतात आणि हाडे झिजतात.

मग रोग गेला असताना हे कशासाठी? गाठ गेली हे खरे. परंतु डोळ्यांना किंवा स्कॅनला न दिसणाऱ्या काही पेशी शरीरात कोठेतरी निपचित पडून असू शकतात, आणि ईआर पॉझिटिव्ह कर्करोगाची खोड अशी की तो पाच काय, दहा-पंधरा वर्षांनीही डोके वर काढू शकतो. स्तनात इस्ट्रोजेनला अडवणारे टॅमॉक्सिफेन हे औषध पाच वर्षे घेतलेल्या हजारो स्त्रियांच्या नोंदी एकत्र तपासल्या तेव्हा पंधरा वर्षांतले कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झालेले आढळले, आणि पाळी गेलेल्या स्त्रियांत लेट्रोझोलच्या जातीची औषधे रोग परतण्याला टॅमॉक्सिफेनपेक्षाही थोडा अधिक पायबंद घालतात. किमोच्या सलाइनपुढे ही इवलीशी गोळी क्षुल्लक दिसते, पण अशा प्रकारच्या कर्करोगात पुष्कळदा तिचा वाटा किमोइतका, कित्येकदा किमोहून मोठा असतो.

म्हणून गोळीही चालू राहावी आणि दुखणेही कमी व्हावे, असा मार्ग काढायचा, आणि असे मार्ग बरेच आहेत. पहिला मार्ग ऐकायला उफराटा वाटेल : दुखत असले तरी चालायचे. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, याच औषधांनी सांधे धरलेल्या स्त्रियांनी वर्षभर आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालण्यासारखा व्यायाम आणि दोनदा वजनांचा व्यायाम केला, तेव्हा त्यांच्या सर्वांत तीव्र दुखण्याची पातळी सरासरी २९ टक्क्यांनी उतरली. व्यायाम न करणाऱ्या गटात ती उतरली नाही. आपण तिला ‘चालायला जा’ म्हणून धाडू नका. पायात चपला घालून तिच्याबरोबर निघा. पहिले पंधरा दिवस दहा मिनिटे पुरेत. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बोटे उघड-मीट केल्याने धरलेली मूठ लवकर सुटते. ‘ड’ जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी, कारण ते कमी असेल तर दुखण्यात भर पडते, आणि इतक्या उन्हाच्या मुलखात राहूनही आपल्या बायकांत ते पुष्कळदा कमी निघते.

एवढ्याने भागले नाही तर पुढची पायरी डॉक्टरांची आहे. दोन-तीन आठवडे गोळी थांबवून त्याच जातीतली दुसरी गोळी सुरू करणे हा नेहमीचा तोडगा आहे. लेट्रोझोल न सोसणाऱ्या अनेकींना एक्झेमेस्टेन किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल सोसते. डुलोक्सेटीन नावाचे औषधही काहींना देतात. काहीच सोसले नाही तर टॅमॉक्सिफेन आहेच. परंतु हे सारे डॉक्टरांनी ठरवायचे, आणि ते ठरवण्यासाठी त्यांना खरे कळले पाहिजे. तेव्हा पुढच्या भेटीत ‘तीन महिने गोळी घेतलेली नाही’ हे वाक्य तिने किंवा आपण निःसंकोच उच्चारावे. त्यावर कोणी रागावले तर तो दोष रागावणाऱ्याचा.

हाडांचे मात्र दुखत नाही, म्हणून त्यांची आठवण कोणाला राहत नाही. गोळी सुरू करतानाच हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी व्हायला हवी, आणि पुढे साधारण दर एक-दोन वर्षांनी. आपल्या पत्रात तिचा उल्लेख नाही. झाली नसेल तर आता करून घ्या. दिवसाला आहारासकट सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जावे. नाचण्याची आंबील, दूध, आणि काट्यासकट खाल्ली जाणारी तारली हे त्याचे आपल्या घरातले चांगले साठे आहेत. घनता फारच कमी असेल तर सहा महिन्यांनी एकदा झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचे इंजेक्शन देतात. ते घेण्याआधी दातांची तपासणी उरकून घ्यावी, कारण इंजेक्शन चालू असताना दात काढणे जबड्याच्या हाडाला मानवत नाही.

नारळ आपण खवा. फुगडीचे म्हणाल तर डेक्साचा निकाल चांगला असेल आणि गुडघे सुटले असतील, तर उभ्याची गोल फुगडी घालायला हरकत नाही. बसफुगडी मात्र एवढ्यात नको. पुढच्या चवथीला अजून अवकाश आहे आणि दुखण्याचा जोर पुष्कळदा वर्षभरात आपोआपही ओसरतो.

प्रश्न : माझे वय ३५. टॅमॉक्सिफेन सुरू होऊन दोन वर्षे झाली. मुलगी सहा वर्षांची आहे आणि आम्हांला आणखी एक मूल हवे होते. सासूबाई म्हणतात, ‘वय निघून जाईल, बंद कर ती गोळी.’ नवरा काहीच बोलत नाही. डॉक्टरांनी दहा वर्षे गोळी घ्यावी लागेल असे सांगितले आहे. गेले चार महिने पाळीही आलेली नाही, त्यामुळे आता मूल होण्याची शक्यताच संपली का?
— एक वाचक भगिनी, म्हापसा

उत्तर : हा अंक हातातून खाली ठेवा आणि प्रथम औषधाच्या दुकानातून गर्भधारणा तपासण्याची पट्टी आणा. पाळी नाही म्हणजे गर्भ राहत नाही, हा समज टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत धोक्याचा आहे. हे औषध १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये शोधले गेले ते संततिनियमनाच्या खटपटीत. ते त्या कामी साफ निकामी ठरले, कारण स्त्रियांत ते बीज तयार होण्याला रोखण्याऐवजी चालनाच देते. कर्करोगावर ते १९७०च्या दशकात वापरात आले. म्हणजे गोळीमुळे पाळी लांबली तरी बीज तयार होत असू शकते, आणि टॅमॉक्सिफेन पोटात असताना राहिलेल्या गर्भात व्यंग येण्याचा धोका असतो. पट्टीवर दोन रेषा आल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. एकच रेषा आली तर उद्यापासून संततिनियमनाचे साधन हवे, आणि ते हॉर्मोनरहित हवे : कॉपर-टी किंवा निरोध. गर्भनिरोधक गोळ्या आणि इंजेक्शने आपल्याला वर्ज्य आहेत.

आता मुलाविषयी. काही वर्षांपूर्वी मी आपल्याला ‘थांबा’ एवढेच सांगितले असते. २०२३ साली एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात ४२ वर्षांपर्यंतच्या पाचशेहून अधिक स्त्रियांनी दीड ते अडीच वर्षे हॉर्मोन उपचार घेतल्यावर, गर्भधारणेसाठी जास्तीत जास्त दोन वर्षे ते थांबवले. तीन वर्षांत रोग परतण्याचे प्रमाण त्यांच्यात सुमारे ९ टक्के राहिले, आणि उपचार न थांबवलेल्या, तशाच प्रकारच्या रुग्णांच्या जुन्या नोंदींतही ते तितकेच होते. हा दिलासा मोठा आहे, पण त्याला दोन कुंपणे आहेत. हे निष्कर्ष थोड्या वर्षांचे आहेत आणि हा रोग दीर्घद्वेषी आहे, हे एक. दुसरे असे की त्या स्त्रियांपैकी बहुतेकींचा आजार लवकरच्या टप्प्यातला होता. काखेतल्या बऱ्याच गाठींत रोग पसरलेला होता अशांना तोच आकडा लावता येत नाही.

सासूबाईंच्या म्हणण्यात आणि या अभ्यासात फरक आहे तो ‘बंद करणे’ आणि ‘थांबवणे’ या दोन शब्दांतला. ठरलेल्या दिवशी गोळी थांबवायची, ती शरीरातून निघून जावी म्हणून साधारण तीन महिने वाट पाहायची, मग प्रयत्न करायचा, आणि बाळंतपणानंतर पुन्हा गोळी सुरू करून उरलेली वर्षे पुरी करायची, असा तो क्रम आहे. यासाठी कर्करोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ या दोघांनी आपली फाइल एकत्र पाहायला हवी. किमोनंतर अंडाशयांत किती बीजे उरली आहेत याचा अंदाज रक्ताच्या तपासणीतून घेता येतो. तो आधी घेतला तर गोळी उगाच थांबवण्याची वेळ येणार नाही.

आणि नवऱ्याचे न बोलणे. पुरुष अशा वेळी गप्प राहतात ते पुष्कळदा भीतीमुळे. बायको गमावण्याची भीती मोठी की मूल नसण्याचे दुःख मोठे, हे त्यांना आईसमोर बोलता येत नाही. तज्ज्ञांच्या भेटीला त्यांना बरोबर न्या आणि त्यांचे प्रश्न त्यांनाच विचारू द्या. सासूबाईंना उत्तर देण्याचे काम त्यांच्याकडे सोपवावे. ते आपले नव्हे.

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करते, भाऊ तारवटी आहे आणि वर्षातले आठ महिने बोटीवर असतो. आई, वय ४९, वाळपईजवळच्या आमच्या घरात एकटीच राहते. तिला टॅमॉक्सिफेन चालू आहे. रात्री तीन-तीनदा अंगातून वाफा निघतात आणि कपडे बदलावे लागतात. झोप नाही, चिडचिड वाढली आहे, फोनवर रडते. गावातल्या डॉक्टरांनी मन शांत राहावे म्हणून फ्लुओक्सेटीन दिले आहे. ते घेतले तर चालेल ना? आणि इतक्या लांबून मी काय करू शकते?
— एक वाचक भगिनी, पुणे

उत्तर : आपण विचारलेत ते फार बरे झाले. टॅमॉक्सिफेन पोटात गेल्यावर लगेच कामाला लागत नाही. यकृतातले एक विकर त्याचे रूपांतर एंडॉक्सिफेन नावाच्या प्रभावी द्रव्यात करते. फ्लुओक्सेटीन, पॅरोक्सेटीन आणि ब्युप्रोपिऑन ही तीन औषधे नेमके तेच विकर अडवतात. परिणामी गोळी रोज घेतली जाते आणि तिचे पुरेसे काम होत नाही. गावातल्या डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता, त्या औषधाने वाफाही थोड्या कमी होतात. पण आईची सारी औषधे त्यांच्यासमोर नव्हती असे दिसते. आईला फ्लुओक्सेटीन आपल्या मनाने एकदम बंद करायला सांगू नका. जिथे कर्करोगाचे उपचार चालू आहेत तिथे फोन करून औषध बदलून मागा. व्हेनलाफॅक्सीन टॅमॉक्सिफेनच्या आड येत नाही आणि वाफांवरही चालते. झोपच मुख्य अडचण असेल तर रात्री गॅबापेंटीन देतात. पाळी गेल्यावरच्या त्रासासाठी म्हणून बाजारात मिळणाऱ्या हॉर्मोनच्या गोळ्या मात्र कोणीही, कितीही खात्रीने सुचवल्या तरी घ्यायच्या नाहीत. ज्या आगीला आपण पाणी तोडत आहोत तिच्यावरच ते तेल आहे.

औषधाखेरीजही करता येण्याजोगे आहे. आपल्या हवेत घाम वाळत नाही आणि एप्रिल-मेमध्ये वीज गेली की सत्तरी तालुक्यातल्या घरात पंखाही नसतो, तेव्हा बाहेरच्या देशांतल्या पुस्तिकांतला ‘खोली थंड ठेवा’ हा सल्ला आईला हसू आणील. जुन्या सुती साडीची घडी अंगाखाली, उशाशी पाण्याचा तांब्या आणि ओला पंचा, बदलायचा गाऊन हाताशी, आणि रात्रीचे जेवण कमी तिखट, अशी तयारी असली तर उठण्याचा ताप निम्मा होतो. कढत चहा, तिखट आणि दारू यांनी वाफा उसळतात. वाफ येऊ लागताच सावकाश, पोटातून घेतलेला श्वास, मिनिटाला सहा-आठच्या गतीने, हा उपाय साधा वाटला तरी त्याला आधार आहे : स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, असा श्वास आणि विचारांना वळण देणाऱ्या समुपदेशनाची काही सत्रे यांनी वाफांची संख्या फारशी घटली नाही, पण त्यांचा जाच स्पष्टपणे कमी झाला. बायकांना जाच कमी होणे पुरते.

रडण्याकडे मात्र केवळ गोळीचा परिणाम म्हणून पाहू नका. उपचार चालू असतात तोवर माणसांचा राबता असतो, आणि तो थांबल्यावर जे घडले त्याचा विचार करायला प्रथमच सवड मिळते. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन लागत नसेल किंवा जगण्याचा कंटाळा बोलण्यात येत असेल, तर मानसोपचार हवेत. बांबोळीला गोमेकॉच्या जवळच आयपीएचबी हे मनोरुग्णालय आहे, आणि टेली-मानस या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र, विनाशुल्क चालतो. बोलणारे शेजारचे नाहीत याचा गावातल्या बाईला आधारच वाटतो.

लांबून काय करता येईल? रोज एका ठरल्या वेळी फोन करा आणि आईला त्या वेळी गोळी घ्यायची सवय लागू द्या, पण ‘घेतलीस का’ हा पहिला प्रश्न नसावा. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या एका मुलीने आईशी रोज रात्री साडेआठला कालच्या जेवणावर बोलायचे ठरवले. आई बोलता बोलता गोळी तोंडात टाकते आणि पाणी प्यायल्याचा आवाज मुलीला ऐकू येतो. विचारावे लागत नाही. औषधे संपण्याच्या पंधरा दिवस आधी आणायची व्यवस्था करा, विशेषतः पावसाळ्यात. सगळे अहवाल एका फाइलमध्ये आणि त्यांची छायाचित्रे आपल्या फोनवर असू द्या, म्हणजे पुढच्या वेळी गावातल्या डॉक्टरांना औषधांची यादी पुण्याहूनही दाखवता येईल.

प्रश्न : माझे वय ४३. दर महिन्याला पोटात एक इंजेक्शन आणि रोज एक्झेमेस्टेन असा उपचार चालू आहे. हे कोणाला विचारावे कळत नाही म्हणून लिहिते. पतीशी संबंध फार वेदनेचे झाले आहेत. मी टाळते, त्यांना वाटते मला ते नकोसे झाले आहेत.
— एक वाचक भगिनी, फोंडा

उत्तर : इंजेक्शनने आपली अंडाशये झोपवलेली आहेत, म्हणून पाळी जाण्याचे सारे परिणाम आपल्याला काही वर्षांत हळूहळू नव्हे, तर काही आठवड्यांत भोगावे लागले. योनिमार्गाचा कोरडेपणा त्यांतलाच. त्याला लाज वाटण्यासारखे काही नाही, आणि तो आपल्या इच्छेचा निकालही नाही. औषधाच्या दुकानात योनिमार्गासाठीचे हॉर्मोनरहित मॉइश्चरायझर मिळते. ते आठवड्यातून दोन-तीनदा नियमाने लावायचे असते, संबंध असोत वा नसोत. संबंधांच्या वेळी पाण्यावर आधारलेले वंगण निराळे वापरावे. निरोध वापरत असाल तर खोबरेल तेल नको, त्याने रबर फाटते. इस्ट्रोजेनयुक्त मलम एक्झेमेस्टेनबरोबर सहसा देत नाहीत. ते कोणी लिहून दिले तर कर्करोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय लावू नका.

पतीला हे उत्तर वाचायला द्या. एवढेच सांगणे आहे की कर्करोग स्पर्शाने लागत नाही, संबंधांनी परतत नाही, आणि वेदना हे नकाराचे लक्षण नाही. जवळीक काही काळ निराळ्या रूपाने चालू ठेवता येते. इंजेक्शनची तारीख मात्र दोघांनीही लक्षात ठेवावी. ते लांबले तर अंडाशये जागी होतात, आणि अंडाशये चालू असताना एक्झेमेस्टेनचा उपयोग होत नाही. लग्न, जत्रा, चतुर्थी यांसाठी ते ‘पुढच्या आठवड्यात घेऊ’ असे म्हणायचे नाही.

प्रश्न : सोयाबीन खावे का? शतावरीचा कल्प चालेल का? उपवासाच्या दिवशी गोळी घ्यावी का? एक दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्याव्यात का? खर्चाचे काय?
— निरनिराळ्या पाच पत्रांतून

उत्तर : सोयाबीन जेवणात असेल तर चालते, सोयापासून बनवलेल्या गोळ्या आणि पावडरी नकोत. शतावरी, अशोकारिष्ट आणि ‘बायकांचे टॉनिक’ म्हणून मिळणारे सारे डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. टॉनिक दिले नाही तर प्रेम कमी पडले असे मानणाऱ्या मावश्या आणि आत्यांना हे कृपया कळवावे. उपवासाच्या दिवशीही गोळी पाण्याबरोबर घ्यायची, त्याने उपवास मोडत नाही. चुकलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर घ्यावी, दुसऱ्या दिवशी आठवली तर सोडून द्यावी, दोन एकदम घेऊ नयेत. टॅमॉक्सिफेन आणि लेट्रोझोल ही दोन्ही आता स्वामित्वहक्कातून सुटलेली, तुलनेने स्वस्त औषधे आहेत. सरकारी रुग्णालयाच्या औषध खिडकीवर आणि जनऔषधी केंद्रात आधी विचारावे. रुग्णालयातल्या मोठ्या उपचारांसाठी २०१६ पासून चालू असलेली गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तिच्यात तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचे संरक्षण असते. कार्डाचे नूतनीकरण झाले आहे का ते आजारपण नसतानाच पाहून ठेवा.

प्रश्न : माझी थोरली बहीण ६१ वर्षांची आहे. पाळी जाऊन दहा वर्षे झाली. चार वर्षे टॅमॉक्सिफेन घेते. गेल्या महिन्यात तिला दोनदा थोडा रक्तस्राव झाला. ती म्हणते, ‘उष्णतेने झाले असेल’, आणि मला कोणाला सांगू देत नाही.
— एक वाचक, पेडणे

उत्तर : हे आपण गुप्त ठेवू नये. टॅमॉक्सिफेन स्तनात इस्ट्रोजेनला अडवते, पण गर्भाशयाच्या अस्तरावर ते थोडेफार इस्ट्रोजेनसारखेच वागते. त्यामुळे पाळी गेलेल्या स्त्रियांत अस्तर जाड होते, त्यात मांसल कोंब येतात, आणि थोड्या स्त्रियांत गर्भाशयाचा कर्करोगही उद्भवतो. बहुतेक वेळा कारण साधेच निघते, आणि कर्करोग निघालाच तरी रक्तस्रावामुळे तो लवकर हाती लागतो व पुष्कळदा पूर्ण बरा होतो. पण साधे की गंभीर हे सोनोग्राफी करून आणि अस्तराचा तुकडा तपासूनच कळते, उष्णतेवर ढकलून कळत नाही. पुढची ठरलेली तारीख दोन महिन्यांवर असली तरी थांबू नका, याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. गोळी चालू ठेवायची की नाही हे तिथे ठरेल, तोवर आपल्या मनाने बंद करू नका.

याच गोळीने क्वचित पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते. एकच पोटरी सुजून दुखू लागली, किंवा अचानक धाप लागून छातीत दुखले, तर मात्र आठवडा नव्हे, तासही थांबायचे नाही. १०८ला फोन करायचा.

बहिणीला लाज वाटते ती सांगण्याची. तेव्हा सांगण्याचे काम कागदावर करा : रक्तस्राव कोणत्या तारखांना झाला, किती झाला, पोटात दुखले का, गोळीचे नाव आणि ती किती वर्षे चालू आहे, दुसरी कोणती औषधे आहेत. रक्त पातळ करणारे वॉरफेरिन ती घेत असेल तर ते ठळक लिहा, कारण टॅमॉक्सिफेनबरोबर त्याचा परिणाम वाढतो. कागद डॉक्टरांच्या हाती द्या आणि तपासणीच्या वेळी तिच्या ओळखीची एखादी बाई आत राहील असे पाहा.